दहावर एक

म्हादबातात्या अकरा हा शब्द उच्चारत नसत. आठ, नऊ, धा, धावर एक, बारा, असं ते मोजायचे. चिंचवड स्टेशनात सकाळी अकराच्या सुमाराला एक गाडी यायची, ती तात्यांच्या भाषेत धा वाजून साठ मिनिटांची गाडी. एकादशी त्यांनी जन्मात केली नाही. दशमीनंतर थेट द्वादशी उजाडली पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या मधल्या दिवशी ते ओसरीवर बसून, साऱ्या आळीला दिसेल अशा बेतानं, भाकरी आणि कांदा खायचे. एकदा पूजेच्या वेळी भटजींनी पाटावर अकरा सुपाऱ्या मांडल्या. तात्यांनी त्यातली एक उचलून तोंडात टाकली आणि वर भटजींनाच दरडावून विचारलं, "हिचं काय काम हाय हितं?"

मी स्वतः तापट माणूस आहे. पण तात्यांच्या पडवीत राहायला गेलो आणि मला कळलं की आपला ताप म्हणजे नुसती कणकण होती.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधली ती वर्षं. पिंपरीच्या माळावर एक मोठा कारखाना उभा राहत होता आणि मी चिपळूणकडून येऊन तिथं फिटर म्हणून लागलो होतो. कारखान्याजवळ जागा मिळेना, म्हणून पार रावेतला, पवनेच्या काठी, तात्यांची पडवी भाड्यानं घेतली. रोज सायकल मारत जायचं नि यायचं. पहिल्या दिवशी मी सायकलवरून वळकटी सोडत होतो तेव्हा तात्या समोर येऊन उभे राहिले. मोठ्या मिशा, गुडघ्यापर्यंत धोतर, कोपरीच्या खिशात साखळीचं घड्याळ. माझं नाव, गाव, जात काही विचारलं नाही.

"घरात चुली किती?"

"एकच."

"भाऊ किती?"

"तिघं आम्ही."

"तिघं भाऊ आन एक चूल? भांडत न्हाई?"

"भांडतो की."

"मंग वेगळं का व्हत न्हाई? तिनाला सरळ जातो!"

"काय जातो?"

"आकडा!" तात्या एवढ्या मोठ्यांदा ओरडले की माझी सायकल स्टँडवरून पडली.

हा आकडा म्हणजे छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. तात्या तो एका दमात म्हणायचे, मारुतीचं नाव घ्यावं तसा. त्याच्यामागची हकिकत सांगितल्याशिवाय तात्या कळायचे नाहीत.

खालच्या मळ्यात त्यांच्या सगळ्या भाऊबंदांत मिळून एकच विहीर होती. तिच्या पाण्याचा वाटा चुलीवर. घरात माणसं दोन असोत की पंधरा, जितक्या चुली गावात वेगळ्या पेटतात तितक्या पाण्याच्या पाळ्या. चूल विझली की पाळी गेली. हा नियम त्यांच्या पणज्यापासूनचा. पण पाळी संपली कधी हे पूर्वी लिंबाच्या सावलीवरून ठरायचं, आणि ढग आले की सावली जायची आणि कुऱ्हाडी बाहेर यायच्या. अशाच एका ढगाळ दिवशी तात्यांच्या वडिलांचा हात सख्ख्या चुलतभावानं मोडला. तो पुन्हा नीट जुळला नाही. तात्या तेव्हा लहान होते. त्या दिवसापासून ते जे चिडले ते चिडलेलेच राहिले.

मोठे झाल्यावर तात्यांनी ठरवलं की असा आकडा काढायचा, ज्याला कितीही चुलींनी भागलं तरी बाकी उरणार नाही. बाकी उरली की भांडण उरलं, असं त्यांचं साधं गणित. त्यांनी सारवलेल्या खळ्यावर कोळसा घेऊन एकाला दोनानं गुणलं, त्याला तिनानं, त्याला चारानं, आणि असं करत दहापर्यंत गेले; त्यापुढं चुली जाणार नाहीत असा त्यांचा हिशेब. आले छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. आता एवढे काय वाटायचे? एवढे शेर पाणी विहिरीत नाही, एवढे दिवस माणसाला नाहीत. मग त्यांना सेकंद सुचला.

"आता बग फिटर," तात्या मला महिन्यातून एकदा तरी समोर बसवून सांगायचे. "साठानं भागला, मिन्टं झाली. पुन्यांदा साठानं भागला, तास झालं. चोवीसानं भागला. किती आलं?"

"बेचाळीस," मी जांभई दाबत म्हणायचो.

"बेचाळीस दिस! सहा आठवडे! एक सेकंद कमी न्हाई, एक जास्त न्हाई. मी एकापासनं धापतुर गुणत गेलो आन बरुबर सहा आठवड्यांच्या दारात निघालो. हे कुणी केलं?"

"देवानं."

"व्हय. देवानं आदी भाऊबंदकी केली, मंग सेकंद केला."

या गणितात खोट काढायला जागा नाही. मी ते कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठ्यावर करून पाहिलं होतं. सहा आठवड्यांत तेवढेच सेकंद असतात आणि एक ते दहा गुणत गेलं की तेवढेच येतात. तात्यांनी साऱ्या भाऊबंदांना मारुतीच्या देवळात नेलं आणि शपथ घ्यायला लावली. सहा आठवड्यांची एक फेरी, तेवढ्यात प्रत्येक चुलीला सारखे सेकंद, कुणाला दिवसा तर कुणाला रात्री आळीपाळीनं. ज्या वाटपात बाकी उरत नाही आणि कुणाची तक्रार राहत नाही, तेच वाटप खरं. पुढं चुली सात होत्या त्या आठ झाल्या, नऊ झाल्या, मी राहायला गेलो तेव्हा दहा होत्या. प्रत्येक वेळी तात्यांनी खळ्यावर भागाकार केला आणि प्रत्येक वेळी खाली शून्य आलं. पुढं कुणाची कुऱ्हाड बाहेर आली नाही, हे मला कबूल केलंच पाहिजे.

पण त्यासाठी आम्हाला काय सोसावं लागलं ते विचारा. विहिरीवर भाऊबंदांनी मिळून इंजिन बसवलं होतं. ते अधूनमधून रुसायचं आणि मी फिटर असल्यामुळं ते बघायचं काम आपोआप माझ्याकडं आलं होतं. पाळी बदलायच्या वेळी तात्या पाटाच्या तोंडाशी हात वर करून उभे राहायचे, डोळे घड्याळावर. जुना धनी एका बाजूला, नवा धनी फावडं घेऊन दुसऱ्या बाजूला. हात खाली आला की फावड्यानं दारं फिरवायचं, म्हणजे पाटाचा मातीचा बांध फोडून पाणी आपल्या रानाकडं वळवायचं. फावडं जरा उशिरा पडलं तर तात्या तिथल्या तिथं त्या माणसाचा बाप, आजा आणि बैल यांचा उद्धार करायचे. एकदा एकाला ऐन वेळी शिंक आली आणि पाणी जुन्या धन्याकडंच वाहत राहिलं. त्या शिंकेत गेलेले दोन सेकंद तात्यांनी पुढच्या फेरीत त्याच्याकडून वसूल करून घेतले.

आणि घड्याळ? ते देहूरोडच्या लष्करी लिलावात घेतलेलं. मी ते कारखान्याच्या भोंग्याशी ताडून पाहिलं तर रोज पाच मिनिटं पुढं पळत होतं. मी तात्यांना म्हटलं, "तात्या, तुमचा सेकंदच खोटा आहे."

तात्यांनी घड्याळ कानाला लावलं. "सगळ्यास्नी सारखाच खोटा हाय ना?"

"हो."

"मंग खोटा कसा?"

या उत्तरावर मी दोन दिवस धुमसत होतो. मला त्यातली चूक दिसत होती आणि सांगता येत नव्हती.

दुसऱ्या खेपेला मी त्यांना म्हणालो की एक ते दहा सगळ्यांनी भाग जायला एवढा मोठा आकडा लागतच नाही. दोन हजार पाचशे वीसलाही सगळ्यांनी भाग जातो. मिनिटं धरा, बेचाळीस तासांत फेरी पुरी होईल. माझ्या मते मी त्यांच्यावर उपकार करत होतो. तात्या उठून उभे राहिले. "मिन्ट चोरता येतं, फिटर. बोलता बोलता चोरता येतं. सेकंद चोरायला हात घालावा तर तवर तो गेलेला असतो. माझ्या आकड्याला लहान म्हनू नगंस." त्या दिवशी माझ्या अंघोळीचं पाणी आलं नाही. मी पवनेवर गेलो, दगडावरून घसरलो, आणि ओल्या धोतरानं परत येताना मनातल्या मनात त्यांच्या आकड्याला आणि त्यांना जे म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एवढ्या गुणी आकड्याला अकरानं मात्र भाग जात नव्हता. म्हणून तात्यांचा अकरावर डूख. आणि म्हणून दहावी चूल पेटल्यापासून साऱ्या भावकीत कुणाला वेगळं निघायची सोय राहिली नव्हती. सगळ्यात हाल होते ते तात्यांच्या चुलतभावाच्या, रघुअण्णांच्या घरात. त्यांना दोन मुलगे, दोन सुना, आणि त्या सुनांचं एकमेकींशी इतकं वाकडं होतं की सकाळच्या तव्यावर सुरू झालेलं भांडण रात्रीच्या खरकट्यापर्यंत चालायचं. दोघी एकमेकींच्या झिंज्या धरून अंगणात यायच्या. रघुअण्णा तात्यांच्या पायाशी येऊन बसायचे. "तात्या, थोरल्याला वेगळा काढू दे रं."

"एकट्याला न्हाई. आनकी कुनीतरी जोडीला आन. बाराला सरळ जातो. धावरनं बारावर उडी मारा, मी आडवा येत न्हाई."

जोडीला कुणी मिळत नव्हतं आणि सुना झिंज्या उपटत होत्या.

अशात एका रविवारी सकाळी चाकणहून हौसाबाई आल्या. ही तात्यांची धाकटी सख्खी बहीण. नवऱ्याची चाकणच्या बाजारात कांद्याची अडत. त्यानं घरात दुसरी बाई आणून ठेवली होती. हौसाबाई रडत आल्या नाहीत, चिडून आल्या. बैलगाडीतून पत्र्याची ट्रंक स्वतः उतरवली, ओसरीवर आपटली आणि म्हणाल्या, "दादा, मी आले. परत जायची न्हाई."

"बरं केलंस," तात्या म्हणाले. "आत जा. भाकरी हाय."

"तुझ्या चुलीवरची नगं. आयतंच खायचं असतं तर तितंच सवतीच्या हातचं खाल्लं असतं. मला माझी चूल पायजे. विहिरीवरली खोप रिकामी हाय, तितं ऱ्हाईन. खालची पट्टी पडीक हाय, ती कसीन. पानी पायजे."

ती पट्टी त्यांच्या आईनं तोंडी हौसाबाईंना दिलेली होती आणि त्यावर कुणाचा वाद नव्हता, कारण पाण्यावाचून तिथं कुसळंही धड उगवत नव्हती. प्रश्न पाण्याचा होता. मी तात्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते आढ्याकडं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. दहा आणि एक किती होतात ते त्यांना त्या क्षणी कळलं होतं.

दुपारपर्यंत भावकीलाही कळलं. रघुअण्णा ओसरीवर आले, पानाला चुना लावत बसले, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "तात्या, आमची कशाला ना असंल? लेक घरची हाय. पन तूच सांगतोस, आकड्याला भाग जात न्हाई. देवळात शपथ झालीया. आता आकडाच न्हाई म्हनतोय, त्याला आमी काय करावं?"

इतकी वर्षं हा आकडा तात्यांच्या हातात होता. आता तो त्या माणसाच्या हातात गेला. मला त्या पानाच्या डब्याला लाथ मारावीशी वाटली. मी भाडेकरू होतो म्हणून पाय आवरला. तेवढ्यात तात्या उसळून म्हणाले, "मंग बारा करू की! थोरल्याला वेगळा काढायचा व्हता ना तुला? काढ! हौसा आन तुझा थोरला. धावरनं बारा!"

रघुअण्णांनी पान तोंडात ठेवलं, नीट चावलं. "थोरला आता वेगळा व्हत न्हाई म्हनतोय. घरात लई एकी हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून येताना मी त्यांच्या अंगणात पाहिलं. त्या दोन सुना, ज्यांनी एकमेकींच्या डोक्यावर केस ठेवले नव्हते, पायरीवर बसून एकमेकींना तेल लावत होत्या. थोरली धाकटीची वेणी घालत होती. धाकटी तिला भरवत होती. मला बघून दोघी हसल्या. एका बाईला पाणी मिळू नये एवढ्यासाठी माणसं किती प्रेमानं वागू शकतात, ते मी त्या पायरीवर पाहिलं. आज हौसा, उद्या साऱ्यांच्या लेकी येतील, ही त्यांची खरी भीती. पण ते तोंडानं म्हणायची हिंमत कुणात नव्हती. सगळे आकड्यामागं लपले.

तात्यांनी ओसरी काळी करून टाकली. जिथं शेण सारवलेली जागा दिसेल तिथं कोळशानं छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे मांडायचे आणि भागत सुटायचे. प्रत्येक वेळी खाली दहा उरायचे. तात्या ते दहा पायानं पुसायचे आणि पुन्हा मांडायचे, जणू आकड्याला लाज वाटून तो या खेपेला तरी मुकाट्यानं भागला जाईल.

"धा उरत्यात, फिटर! धा! आनकी एक, एकच असता तर सगळ्यास्नी पुरला असता. एका सेकंदानं मारलं मला!"

मी म्हटलं, "मग तो एक वाढवा. आठशेच्या ऐवजी आठशे एक धरा. अकरानं बरोबर भाग जातो."

"आन दोनानं?"

मी मनातल्या मनात भागून पाहिलं. एक उरत होता.

"तिनानं? चारानं? पार धापतुर कुनानं तरी जाईल का? सगळीकडं एक उरंल! एकीला आत घ्यायला नऊ जनांस्नी भाईर घालवू?"

मी आणखी डोकं लढवलं. "मग आकड्यालाच अकरानं गुणा. मग सगळ्यांनी जाईल."

"किती आठवडं व्हतील?"

"सहासष्ट."

तात्यांनी कोळसा भिंतीवर फेकून मारला. "सहासष्ट आठवड्यांनी न्याय! मधी एक पावसाळा जाईल, पीक वाळंल, हौसा मरंल, आन मंग मी तिच्या खोपीवर जाऊन सांगू, बाई, आता बाकी शून्य आली?" माझ्यावर ते चिडले नव्हते हे मला कळत होतं. तरी मी चिडलो. मी म्हटलं, "मग घाला तुमचा आकडा चुलीत!" तात्यांनी वाकून तो कोळसा उचलला आणि धोतराच्या सोग्यानं पुसून कोनाड्यात ठेवला. न ओरडता काही करताना त्यांना मी प्रथमच पाहिलं आणि माझा राग कुठल्या कुठं गेला.

इकडं हौसाबाईंनी कुणाची वाट पाहिली नाही. खोपीत माती कालवून चूल घातली आणि पेटवली. पाणी नदीच्या पाणवठ्यावरून डोक्यावर आणत. पट्टीत मेथी टाकली होती आणि घागरीनं शिंपत होत्या. विहीर दहा पावलांवर आणि बाई नदीवरून घागरी आणतेय, हे रोज कामाला जाताना मी बघत होतो. भावकीतली माणसंही बघत होती. नमस्कार करून पुढं जात होती.

मग तात्यांनी सगळ्यांना विहिरीवर बोलावलं. सकाळची वेळ, नवी फेरी सुरू व्हायची होती. दहाही चुलींचे धनी आले. मी इंजिनाचा पट्टा बघायचं निमित्त करून तिथंच थांबलो. हौसाबाई खोपीच्या दारात हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या.

"वाटप सांगतो," तात्या ओरडले. हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. "चुली धावर एक."

गलका झाला. रघुअण्णांनी हात वर केला. "तात्या, शपथ हाय. बाकी उरता कामा न्हाई."

"उरत न्हाई. ऐक. दर चुलीला तीन लाख एकोनतीस हजार आठशे नव्वद. खाली उरलं धा. ते धा जनांस्नी एक एक वाटलं. म्हंजे धा चुलींला तीन लाख एकोनतीस हजार आठशे एक्क्यान्नव. बाकी शून्य. झालं?"

"आन त्या उरलेल्या चुलीला?" कुणीतरी विचारलं.

"तिला एक कमी."

रघुअण्णा हसले. त्यांना वाटलं हौसाबाईंना एक कमी, आणि मग त्याच कुरकुर करतील. "पन शपथेत तक्रार नसावी असं बी हाय. जिला एक कमी ती उद्या तक्रार करील."

"न्हाई करनार."

"तू कसं सांगतोस?"

"कारन ती चूल माझी हाय," तात्या म्हणाले. "धा जन तुमी, हौसा धरून. धावरला एक मी. माझी तक्रार न्हाई. आता तुमा धा जनांच्यात कुनाला कमी पडलं असंल तर त्यानं म्होरं यावं!"

कुणी पुढं आलं नाही. कुणाला दुसऱ्यापेक्षा कमी पडलंच नव्हतं. ज्या माणसानं एका शिंकेचे दोन सेकंद वसूल केले, त्यानं सगळ्यांदेखत आपला एक सोडला होता. तुम्ही हसाल. एका सेकंदात पाटातून ओंजळभर पाणी जात असेल. पण त्या दहा जणांपैकी कुणी हसलं नाही, कारण तात्यांना सेकंद म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

रघुअण्णा मात्र हटले नाहीत. "तात्या, एवढं कशाला? तू एकटा जीव. तुझी चूल विझीव, हौसाच्या चुलीवर जेव. धाच्या धा ऱ्हातील. आकडा बी खूश, आमी बी."

तेव्हा तात्या खरे चिडले. त्याआधीचं सगळं नुसतं तोंडचं होतं. त्यांचा आवाज चक्क खाली आला. "रघू, माझी चूल विझली तर तुमी म्हनाल, हौसा म्हादबाचं पानी पिती. ती माझं पानी पीत न्हाई. ती या विहिरीची लेक हाय, तिचं तिला पायजे. आन म्हादबाची चूल कधी विझवायची ते म्हादबा बगंल." मग हात वर केला, घड्याळाकडं पाहिलं, आणि खाली आणला. "हौसे, फिरीव दारं!"

पहिली पाळी त्यांनी हौसाबाईंची लावली होती. हौसाबाई फावडं घेऊन आल्या, दारं फिरवलं, आणि पाणी पट्टीकडं वळलं. त्या तेव्हा रडल्या. आणि रडता रडता भावावर खेकसल्या, "घड्याळाकडं बग, माझ्याकडं काय बगतोस?"

पुढं ती मेथी चांगली आली. तात्या दोन्ही वेळा हौसाबाईंच्या खोपीवर जेवायला जाऊ लागले. इतकी वर्षं हा माणूस बायको गेल्यापासून एकटा भाकरी थापून एकटा खात होता, आणि कुणी वाकून विचारलं नव्हतं. आता खोपीतून त्यांचं ओरडणं ऐकू यायचं, मीठ जास्त, भाकरी जाड. हौसाबाई उलट ओरडायच्या. दोघंही मजेत होते.

पण रोज संध्याकाळी तात्यांच्या स्वयंपाकघरातून धूर मात्र येतच राहिला. सरपण आधीच टंचाईचं. मला वाटलं, म्हातारा बहिणीकडं जेवून वर घरी येऊन पुन्हा काही शिजवतो की काय. एकदा दिवेलागणीला धूर पडवीत भरला, माझे डोळे चुरचुरले, आणि मी तावातावानं आत गेलो.

तात्या चुलीसमोर उकिडवे बसले होते. जाळ चांगला लागला होता. चुलीवर काहीच नव्हतं. तवा भिंतीला टेकवलेला, भांडी पालथी.

"तात्या, हे काय चाललंय? शिजत तर काही नाही!"

"भूक कुनाला हाय? हौसाकडं जेवायचंय." त्यांनी आणखी एक काटकी सरकवली.

"मग लाकडं कशाला जाळताय?"

"चूल विझली की पाळी गेली. मंग हौसा माझ्या वाट्याचं पानी पिती म्हनायला रघू मोकळा." त्यांनी मागच्या दाराकडं बोट केलं. "रोज या टायमाला परड्यात हुबा ऱ्हाऊन धूर मोजतो मेला. मोजू दे. मी बी मोजतो."

मी दारात गेलो. गावावर संध्याकाळचे धूर उठले होते. तात्या माझ्या मागं येऊन उभे राहिले आणि बोट नाचवत एकेक घर मोजू लागले, पुटपुटत, चिडल्यासारखे. शेवटी खाली विहिरीकडं बोट गेलं, हौसाबाईंच्या खोपीवर. "धा," ते म्हणाले. मग मान वर करून आपल्याच कौलांकडं पाहिलं. तिथून एकट्या माणसाचा, रिकाम्या चुलीचा धूर सरळ वर चालला होता.

"अकरा," तात्या म्हणाले, आणि जेवायला गेले.